इमॅजिका सहकुटुंब : पार्काला लागून असलेल्या हॉटेलात उतरावं की बाहेर?

मृगाचा_पाऊस

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्काचा बेत चाललाय. कोल्हापुरातून, राजारामपुरीतून निघणार. माणसं सहा : आम्ही दोघं, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे धरतात, एका जागी फार वेळ उभं राहणं होत नाही. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" हे दरवेळचं वाक्य मात्र या खेपेला ऐकायचं नाही असं मुलांनी आणि मी ठरवलंय. आजी येणारच.

अडलंय ते मुक्कामावर. पार्काला लागूनच नोव्होटेल आहे, तिथून चालत आत जाता येतं. पण तिथल्या दोन खोल्यांच्या एका रात्रीच्या पैशात खोपोली-लोणावळ्याकडे दोन रात्री आरामात निघतात. ह्यांचं म्हणणं, खोलीत फक्त झोपायला जायचंय, दिवसभर पार्कातच असणार, मग एवढे पैसे कशाला घालायचे? माझं म्हणणं, पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीची दोन माणसं घेऊन दिवस काढायचा तर पाठ टेकायला जागा हाकेच्या अंतरावर हवी.

लहान मुलं आणि वडीलधारी माणसं दोन्ही सोबत नेलेल्यांनी सविस्तर लिहा. वेळ कुठे जातो, पैसे कुठे जातात, ते सांगा.

तांबडापांढरा

ताई, डोळे झाकून बाहेर राहा. आम्ही भाऊ, वहिन्या, पोरंटोरं, आईवडील अशी मोठी गँग गेलो होतो. खोपोलीजवळ स्वयंपाकघरासकट अख्खा बंगला घेतला. चटणी, तांदूळ, मसाला इथूनच भरून नेला, मटण तिथल्या बाजारातून आणलं. रात्री अंगणात पंगत बसली. आईनं पांढऱ्या रश्श्याचं पातेलं स्वतः उतरवलं आणि सगळ्यांना वाढलं. हॉटेलात हे होत नाही. तिथं जेवून उठलं की ज्याची त्याची खोली आणि ज्याचं त्याचं दार.

पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणजे दुपारचं जेवण आतच विकत घ्यावं लागतं. मग सकाळचं आणि रात्रीचं तरी आपल्या हातचं असू दे. पोरं नायट्रो रोलर कोस्टरवर बसल्याचं सांगतातच, पण चुलत भावंडांबरोबर मध्यरात्रीपर्यंत पत्ते कुटले ते जास्त सांगतात. दहाच्या वर माणसं असतील तर बंगल्याला तोड नाही. तुमचे सहाच आहेत म्हणा, पण तरीही माझं मत बाहेरच.

जयसिंगपूरची_लेक

दादांचं मोठ्या गँगसाठी शंभर टक्के खरं. सहा जणांना, त्यातही गुडघेदुखी असलेल्या आईंना घेऊन, मी बंगला सुचवणार नाही.

आम्ही लोणावळ्यात एक बंगला घेतला होता, नाव लिहीत नाही. फोटोत पोहण्याचा तलाव होता, तो निघाला शेजारच्या बंगल्याबरोबर वाटणीचा. रात्री वीज गेली तर केअरटेकर म्हणाला, जनरेटरचे पैसे वेगळे. खालच्या मजल्यावर एकही झोपायची खोली नव्हती, त्यामुळे माझ्या आईला प्रत्येक वेळी लाकडी जिना चढावा लागला. वडीलधारी माणसं असतील तर बुक करण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचाराच : तळमजल्यावर खोली आहे का, बाथरूम कमोडचं आहे का, आणि गाडी दारापर्यंत येते का.

दुसरं म्हणजे घाट. लोणावळा वर आणि पार्क खाली, खालापूर तालुक्यात. म्हणजे लोणावळ्यात राहिलात की सकाळी बोरघाट उतरा आणि रात्री दमल्याभागल्या पोरांना घेऊन तोच घाट चढा. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत मुंबई-पुण्याची सगळी गर्दी त्याच घाटात असते. नकाशावर पंचवीस-तीस किलोमीटर दिसतात, पण गाडी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली की मागच्या सीटवर कुणाला मळमळतं, कुणाला शू लागते. माझी धाकटी तर परतीच्या घाटात दोनदा ओकली. बाहेर राहायचंच असेल तर घाटाच्या खाली राहा, खोपोलीत किंवा पालीच्या रस्त्याला. लोणावळा नको.

गंगावेस_तालीम

पालीचा रस्ता म्हटल्यावर राहवत नाही म्हणून लिहितो. पार्क खोपोली-पाली रस्त्यावरच आहे. म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती तुमच्या वाटेवर आहेत. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढं पालीचा बल्लाळेश्वर. सासूबाई-सासऱ्यांना नुसतं पार्कात नेण्यापेक्षा हे दर्शन जोडा. सहलीत त्यांचंही काहीतरी असलं पाहिजे. नाहीतर म्हातारी माणसं दिवसभर पोरांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसतात आणि घरी आल्यावर "छान झालं" म्हणतात. मला ते बघवत नाही.

महडला १८९२ पासून नंदादीप अखंड तेवतोय असं सांगतात. पालीला आधी मागच्या बाजूच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं आणि मग बल्लाळेश्वराचं, हा क्रम आईंना माहीत असेलच. पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे. साधं असतं, पण पहाटे उठून चालत देवळात जाता येतं. एक रात्र तिथं काढायला काय हरकत आहे? बाहेर राहण्याचा पैसा वाचतो आणि वर दर्शन होतं.

मृगाचा_पाऊस

गंगावेस दादा, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांनी लगेच पिशवीत दूर्वांसाठी वेगळा डबा ठेवायला सांगितला. म्हणजे त्यांचं येणं आता पक्कं. खूप आभार.

पण मूळ प्रश्न तसाच आहे. पार्काचा दिवस आणि त्याच्या आगेमागेची रात्र, ती कुठे काढायची?

हमरस्ता

ताई, माझा ट्रॅव्हल्सचा व्यवसाय आहे, तावडे हॉटेल चौकातून गाड्या सुटतात. शाळांच्या सहली आणि फॅमिली दोन्ही नेतो, त्यामुळे या विषयावर मनापासून लिहितो.

आत की बाहेर हे नंतर. आधी ठरवा, रात्र कुठली धरताय? पार्काच्या आधीची की पार्काच्या दिवसाची? जवळजवळ सगळे पार्टीवाले आधीची रात्र तिथल्या हॉटेलात घेतात, का तर सकाळी लवकर आत शिरायला मिळेल म्हणून. हिशेब मांडून बघा. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, पुढं पार्क नव्वदच्या आसपास. म्हणजे सव्वातीनशेच्या घरात. कागलपासून साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम, खंबाटकी, पुण्याचा बायपास, एक्सप्रेसवे, हे सगळं धरून जेवणखाण करत सात-आठ तास गृहीत धरा. तुम्ही संध्याकाळी थकून पोचणार, पोरं तासभर पाण्यात खेळणार, जेवणार, झोपणार. सकाळी नाश्ता केला की अकरा-बाराला खोली सोडायची. पार्क उघडतो साडेदहा-अकराच्या सुमाराला. म्हणजे महागडी खोली तुमच्या हातात होती ती नेमकी तुम्ही झोपेत असताना. दुपारी दोनला पोरगी रडायला लागते, आईंचे पाय भरून येतात, तेव्हा खोलीची चावी परत देऊन झालेली असते आणि सामान डिकीत असतं.

आता उलटं करा. आधीची रात्र बाहेर, स्वस्तात. पालीला भक्तनिवास म्हणताय तर उत्तमच. सकाळी दर्शन, नाश्ता, आणि तासाभराच्या आत पार्क. पोचल्या पोचल्या हॉटेलच्या रिसेप्शनला बॅगा ठेवा, टोकन घ्या आणि तसेच आत जा. मोठ्या हॉटेलात खोली दुपारी दोन-तीनला मिळते. तुमच्या घरातली अर्धी माणसं बरोबर त्याच वेळेला दमलेली असतात. आजी आणि धाकटी खोलीत जाऊन झोपतील, थोरला आणि वडील राइड करत राहतील. संध्याकाळी ऊन उतरलं की सगळे परत एकत्र. रात्री पार्क बंद झाल्यावर गाडीत बसायचंच नाही, चालत खोलीवर. दुसऱ्या दिवशी सावकाश नाश्ता करून निघालात तरी अंधार पडायच्या आत कोल्हापूर.

एकच रात्र, पैसे तेवढेच. पण ती पार्काच्या दिवसाची घेतली तर खोली दुपारपासून तुमच्या कामाला येते.

आणखी दोन गोष्टी, ज्या पार्टीवाले विचारतच नाहीत. दुपारी बाहेर पडून परत आत सोडतात का, त्यासाठी हातावर शिक्का घ्यायचा की तिकीट दाखवायचं, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि ड्रायव्हर. गाडी भाड्यानं घेणार असाल तर त्याच्या झोपेची सोय तुमच्या हिशेबात पाहिजे. पार्किंगमध्ये सीट मागं टाकून तो रात्रभर डासात झोपला आणि सकाळी तुम्ही त्याच्या हातात सव्वातीनशे किलोमीटर दिलेत, तर धोका तुमच्याच पोरांना आहे. नाइट हॉल्टचा भत्ता देता तो निराळा. त्याला खोपोलीत एखादी साधी खोली घेऊन द्या, अंघोळ होऊ दे, पाठ टेकू दे. आत राहणाऱ्या पार्टीकडून हे जास्त राहून जातं, कारण हॉटेलात त्याची सोय परवडत नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला काढा.

कळंबा_फिरस्ता

हमरस्ता, ड्रायव्हरबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत.

मी पैशाचं बोलतो, कारण भाडं बघताना लोक कर धरत नाहीत. हॉटेलच्या खोलीचा दर दिवसाला ७५०० रुपयांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. त्याच्या वर गेला की १८ टक्के, आणि तो पूर्ण रकमेवर लागतो, वरच्या फरकावर नाही. म्हणजे ७४०० ची खोली ७७७० ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. दरात फरक दोनशेचा, खिशातून जातात बाराशे. त्यामुळे तारीख एक-दोन दिवस पुढेमागे सरकवता येत असेल तर मंगळवार-बुधवारचे दर बघा. दर त्या रेषेच्या खाली आला तर दोन खोल्यांमागे मोठी बचत होते.

एक नमुना मांडतो, आकडे फक्त समजण्यासाठी. समजा पार्काजवळची खोली ९००० ची. करासह १०,६२०, दोन खोल्यांचे २१,२४०. बाहेरची खोली ३५०० ची. करासह ३६७५, दोनचे ७३५०. फरक १३,८९० चा दिसतो. पण आतल्या दरात बहुतेक वेळा सहा जणांचा नाश्ता धरलेला असतो, तो बाहेर वेगळा. बाहेरून पार्कात दोन खेपांचं डिझेल आणि पार्किंग वेगळं. हे वजा केलं की फरक कमी होतो, पण संपत नाही. उरलेले पैसे तुम्ही दुपारच्या त्या खोलीसाठी देताय. ती खोली वापरणार असाल तर द्या. सगळी माणसं धट्टीकट्टी असतील आणि सकाळपासून रात्रीपर्यंत पार्क सोडणार नसतील, तर मृगाचा_पाऊस ताईंच्या घरातला दुसरा पक्ष बरोबर आहे, देऊ नका.

टोलचंही सांगतो. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, जाऊन-येऊन बरीच रक्कम होते. फास्टॅगचा वार्षिक पास, दोनशे फेऱ्यांचा, खासगी गाडीला राष्ट्रीय महामार्गावर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालत नाही, तिथला टोल वेगळा कापला जातो. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला हा पास नाही.

मृगाचा_पाऊस

हमरस्ता दादा, तुमचं वाचून घरातले दोन्ही पक्ष गप्प झाले. ह्यांचं म्हणणं होतं "झोपायलाच जायचं", ते आधीच्या रात्रीला लागू होतं. माझं म्हणणं पार्काच्या दिवसाला. दोघं वेगवेगळ्या रात्रींबद्दल बोलत होतो.

एक शंका. दिवाळीऐवजी मे महिन्यात गेलो तर? मुलाची परीक्षा तेव्हा संपलेली असते.

जयसिंगपूरची_लेक

मे महिन्यात तिथलं ऊन कोल्हापूरसारखं नसतं. कोकणाची हवा, सह्याद्रीचा पायथा, अंग नुसतं चिकचिकतं. दुपारी बारा ते चार मोठ्या माणसांनासुद्धा सोसत नाही. मे महिन्यात गेलात तर दुपारच्या खोलीची गरज दुप्पट होते, आणि शेजारच्या वॉटरपार्कचं वेगळं तिकीट काढावंसं वाटतं. जून ते सप्टेंबर तिकडं कोसळधार असते, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात. दिवाळी ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, पण दिवाळीच्या आठवड्यात गर्दी असणार. भाऊबीज होऊन मधला वार मिळाला तर बघा.

मुलीची उंची घरी मोजून ठेवा. मोठ्या राइडला उंचीची अट असते आणि रांगेच्या तोंडाशी अडवलं की पोरं हिरमुसतात. तिच्या जोगत्या राइड कुठल्या ते आधी दाखवून ठेवलंत तर ती दादाच्या मागं धावत सुटणार नाही. आईंसाठी आय फॉर इंडिया बघा. मोठ्या पडद्यावर विमानातून बघितल्यासारखा देश दिसतो. रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून व्हीलचेअर मागून घ्या. आईंना संकोच वाटेल, पण नातवंडं ढकलायला लागली की तो जातो.

ऑर्लँडोतला_करवीरकर

मूळ गाव उत्तरेश्वर पेठ, सध्या फ्लोरिडात. कोल्हापूरहून पाहुणे आले की डिस्ने वर्ल्ड ठरलेलं, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरात दरवेळी येतो. इथला हिशेब वेगळा का आहे ते लिहितो, कारण इंटरनेटवरचे बरेच सल्ले इथले असतात आणि लोक ते जसेच्या तसे आपल्याकडच्या पार्कांना लावतात.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज कुठल्याही पार्कात तीस मिनिटं आधी सोडतात. चार मोठे पार्क आहेत, लोक चार-पाच दिवस राहतात आणि लोकप्रिय राइडची रांग सकाळी दार उघडल्या उघडल्या वाढत जाते. म्हणून त्या अर्ध्या तासात दीड-दोन तासांची रांग वाचू शकते. शिवाय बस, मोनोरेल आणि २०१९ पासून रोपवेसारखी स्कायलायनर, सगळं हॉटेलवाल्यांना फुकट. पॉप सेंच्युरीसारख्या स्वस्तातल्या हॉटेललाही स्कायलायनरचं स्टेशन आहे, त्यामुळे आत राहायचं म्हणजे महागातलंच घ्यायचं असं नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंतची फुकट बस मात्र २०२२ च्या सुरुवातीपासून बंद आहे. जुने लेख वाचून येणारे पाहुणे ती विचारतात.

बाहेर, किसिमीच्या बाजूला, स्वयंपाकघर असलेली अख्खी घरं भाड्यानं मिळतात. माझे आईवडील आले तेव्हा तेच घेतलं. सकाळी भाकरी-पिठलं करून निघायचो. आठवडाभर बर्गर खाऊन साठीच्या माणसाचं पोट बिघडणारच. मात्र पार्काच्या पार्किंगचे पैसे रोज द्यावे लागतात. काही बाहेरची हॉटेलं भाड्यावर रिसॉर्ट फी नावाची वेगळी रक्कम लावतात, ती मे २०२५ पर्यंत शेवटच्या पानावर दिसायची.

तुमच्याकडं पार्क एक दिवसाचा आणि तो उघडतोच उशिरा. तेव्हा लवकर शिरण्याचं इथलं कारण तिथं फारसं उरत नाही. हमरस्ता यांनी दुपारचं आणि रात्रीचं जे सांगितलंय तेच तिथलं खरं कारण. मी तिकडं असतो तर त्यांचंच ऐकलं असतं.

शाहूपुरी_ते_सेंतोसा

सिंगापूरचं थोडक्यात. युनिव्हर्सल स्टुडिओज सेंतोसा बेटावर आहे, बेटावरची हॉटेलं महाग. आम्ही लिटल इंडियात राहिलो. तिथून नॉर्थ ईस्ट लाइनची मेट्रो थेट हार्बरफ्रंटला जाते, मध्ये बदलावी लागत नाही. वर मॉलमधून सेंतोसा एक्सप्रेस मोनोरेल. आजूबाजूला इडली-डोशापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं. शाकाहारी माणसांनी बाहेर राहावं हे तिथं मी बिनदिक्कत सांगेन. वाहतूक अशी चोख असेल तर अंतर जाणवत नाही. आपल्याकडं खोपोली-पाली रस्त्यावर रात्री साडेआठला रिक्षा शोधावी लागली तर काय होईल, ते ज्यानं त्यानं बघावं.

मृगाचा_पाऊस

जाऊन आलो. सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी भाड्याची इनोव्हा. पहिल्या दिवशी सकाळी निघालो, साताऱ्याच्या पुढं डब्यातले धपाटे आणि दही खाल्लं, महडला दर्शन घेऊन दिवेलागणीला पालीत. भक्तनिवासाची खोली साधी, गाद्या पातळ, पण चादरी स्वच्छ. पहाटे सासूबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. धुंडीविनायक, मग बल्लाळेश्वर. गर्दी व्हायच्या आत दर्शन झालं. तिथून पार्काला पोचलो तेव्हा दार उघडायला थोडा वेळ होता. बॅगा रिसेप्शनला दिल्या, टोकन ह्यांच्या पाकिटात.

सकाळच्या सत्रात सगळे एकत्र होतो. आय फॉर इंडिया आईंना फार आवडलं. गंगा दिसली तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच हात जोडले. पुढं राजासॉरस या पाण्याच्या राइडच्या होडीत मुलगा आणि सासरे दोघं चिंब भिजले.

अडीचच्या सुमाराला मुलीनं "उचलून घे" सुरू केलं. नेमकी खोली तयार झाल्याचा फोन तेव्हाच आला. मी, सासूबाई आणि मुलगी खोलीवर गेलो. परत आत येण्याचं गेटवर आधीच बोलून ठेवलं होतं. मुलगी बूट काढायच्या आत पलंगावर आडवी झाली, मी तसेच तिच्या पायातून ओढून काढले. खोलीत पाणी तापवायची किटली होती. घरून नेलेली शेकायची रबरी पिशवी त्यात पाणी तापवून भरली आणि सासूबाई पाय वर घेऊन गुडघे शेकत बसल्या. तासाभरानं म्हणाल्या, "संध्याकाळची ती मिरवणूक असते म्हणे, ती बघायला येते मी." ती परेड सगळ्यांनी मिळून बघितली, मुलगी आजोबांच्या खांद्यावर. तोवर ह्यांनी आणि मुलानं नायट्रो करून घेतला होता.

दोन खोल्या सलग शेजारी हव्यात हे बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं होतं, तशा मिळाल्या. ड्रायव्हरदादांना खोपोलीत लॉज घेऊन दिला. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, ताजेतवाने होऊन आले.

पैशाचं म्हणाल तर भक्तनिवासामुळं पहिली रात्र इतकी स्वस्तात पडली की दोन्ही रात्री खोपोलीत चांगल्या हॉटेलात काढल्या असत्या त्याहून थोडेच जास्त गेले.

तांबडापांढरा

वाचून फार बरं वाटलं ताई. सहा जणांसाठी हेच बरोबर. आमच्या गँगला मी बंगलाच घेणार, पण भक्तनिवास आणि पालीचं दर्शन पुढच्या वेळी जोडणार. आमची आई ऐकून आत्ताच तारीख विचारायला लागलीय.

निपाणी_नाका

धागा वर काढतोय. आम्ही सीमाभागातले, आम्हाला बेंगळुरूचा वंडरला पार्क जवळचा वाटतो. तिथं पार्काच्या आवारातच रिसॉर्ट आहे. तिथंही हमरस्ता यांचं गणित लागू पडतं का? दोन मुलं, दहा आणि चौदा वर्षांची, वडीलधारं कुणी सोबत नाही.

हमरस्ता

दादा, तुमचं वेगळं. वंडरला २००५ पासून आहे, बिडदीला, म्हैसूर रस्त्यावर. बेंगळुरूच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर. रिसॉर्ट २०१२ चं, खोल्या चौऱ्याऐंशीच, त्यामुळे सुट्टीत लवकर भरतात. पोरं दहा-चौदाची आहेत, दुपारी झोपायला कुणी येणार नाही. बऱ्याच राइड पाण्याच्या आहेत, कपडे बदलायला पार्कातच लॉकर आणि चेंजिंग रूम असतात. म्हणजे दुपारच्या खोलीचा उपयोग नाही. आत राहण्याचे पैसे वाचवा.

तुम्ही मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीचा प्रवास करत असाल तर सकाळी उतरून थेट पार्कात जाऊ नका, पोरं अर्धवट झोपेत असतात. तो दिवस बेंगळुरूत घालवा, शहरातच मुक्काम करा. मेट्रोची पर्पल लाइन म्हैसूर रस्त्यानं चल्लघट्ट्यापर्यंत जाते, पुढं बस किंवा टॅक्सी. शक्य असेल तर म्हैसूर रस्त्याच्या बाजूलाच, केंगेरीकडं हॉटेल बघा, म्हणजे सकाळी शहराच्या ट्रॅफिकमध्ये अडकायला नको. बिडदीत उतरून तट्टे इडली खा, ताटलीएवढी असते, दोन खाल्ल्या की दुपारपर्यंत भूक लागत नाही. संध्याकाळी पार्कातून थेट स्टेशन गाठायचं असेल तर गाडीच्या वेळेच्या किमान तीन तास आधी बाहेर पडा. म्हैसूर रस्ता संध्याकाळी तुंबतो. आणि परतीचं तिकीट आधी काढा, हॉटेल नंतर. सुट्टीत त्या गाडीचं वेटिंग लवकर लागतं.